अजून थोडा उजेड

ताई : अरे, थर्माकोल खाली धर, खाली! त्यावरून उजेड उलटून चिमणीच्या पोटाखाली जायला हवा, तुझ्या हनुवटीखाली नाही.

धाकटा : ताई, पाऊण तास झाला. हात भरून आले माझे.

ताई : तीस वर्षं स्टुडिओ चालवलाय मी. नवरीचं तोंड नीट उजळेपर्यंत माझ्या हाताखालचे लोक दोन-दोन तास उभे राहायचे.

धाकटा : नवरी उडून जात नाही.

ताई : तोंड बंद ठेव. बसली दाण्यांच्या भांड्यावर... गेली! हललास तू.

धाकटा : मी? दोन्ही फ्लॅश असे फाडकन उडाले की मीच दचकलो, तिथे त्या बिचारीचं काय घेऊन बसलीस! फ्लॅशला ट्रेसिंग पेपर लावायचीस ना तू? तो कुठे गेला?

ताई : काढला. उजेड खातो मेला.

धाकटा : आणि फ्लॅश फुल? एवढं लख्ख ऊन असताना?

ताई : ऊन पाठीवर आहे, छातीवर सावली. ती भरायला नको? उजेड मला शिकवू नकोस. संध्याकाळपर्यंत बारा फोटो जायला हवेत. त्या कॅलेंडरवाल्याने दोनदा परत पाठवलेत. म्हणे पांढरे पडलेत, पिसं दिसत नाहीत! त्याचा कॉम्प्युटर बिघडलाय आणि खापर माझ्या डोक्यावर. गेल्या वर्षी कसे निमूट घेतले होते?

धाकटा : ताई, हा फोटो बघ जरा. मघाशी तू आत गेलीस तेव्हा मी काढलाय. फ्लॅश बंद करून, थर्माकोल खुर्चीला टेकवून.

ताई : माझ्या कॅमेऱ्याला हात लावलास?

धाकटा : लावला. बघ तर आधी.

ताई : काय बघू? नुसता काळोख. पिवळट, घाणेरडा. चिमणी आहे की बटाटा?

धाकटा : मला तिच्या मानेवरचं पीसन् पीस दिसतंय. चोचीला चिकटलेलं दाण्याचं साल दिसतंय. शेजारच्या काकूंना दाखवला, त्यांनाही दिसलं.

ताई : दवंडी पिटून ये आता! पुसून टाक तो.

धाकटा : परवा पायरी चुकलीस. भर दुपारी पेपर दिव्याखाली धरून वाचतेस.

ताई : छपाई फिकी झालीय हल्ली.

धाकटा : सगळं जग फिकं झालं, आणि तू तेवढी ठणठणीत?

ताई : माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही!

धाकटा : ओरडू नकोस. गेल्या वर्षी त्याने निमूट घेतले, कारण पाठवायच्या आधी एकेक फोटो मी कॉम्प्युटरवर गडद केला होता. तू बाजारात गेलीस की बसायचो. या खेपेला तू परस्पर पाठवलेस.

(ताई मागे न बघता खाली बसते, ती थेट थर्माकोलवर. तो मधोमध मोडतो.)

ताई : वर्षभर.

धाकटा : तुला वाईट वाटेल म्हणून...

ताई : गाढवा, वाईट आत्ता वाटतंय! तेव्हाच बोलला असतास तर?

धाकटा : जीभ रेटली नाही. आणि बाबांच्या वेळी तूही हेच करायचीस ना?

ताई : हो, करायची. निगेटिव्हवरचे डाग झाकताना ते पेन्सिल भलतीकडेच फिरवायचे. ते जेवायला गेले की मी गुपचूप पुसून नीट करायची. चार वर्षं. वाटायचं, केवढी माया लावतेय मी त्यांना. शेवटी नेलं, तर डॉक्टर म्हणाले काचबिंदू, आधी का नाही आणलंत. तेव्हापासून दवाखान्याच्या रस्त्याने जायचीसुद्धा भीती वाटते मला.

धाकटा : तुझं तसं नसेल. मोतीबिंदू असेल साधा.

ताई : आणि नसला तर?

धाकटा : तर आणखी वर्ष घालवायचं का? साडेतीनची वेळ घेतलीय मी.

ताई : मला न विचारता!

धाकटा : विचारून काय सांगणार होतीस?

ताई : ...कॅलेंडरचं काय मग?

धाकटा : तू सांग, मी काढतो.

ताई : तू? धन्य आहे. बरं, दोन्ही फ्लॅश बंद कर. अर्धा तुकडा दे इकडे, मी धरते. आणखी खाली बस, तिच्या डोळ्यांच्या पातळीत. आता श्वाससुद्धा हळू घे. आली?

धाकटा : आली.

ताई : डोळ्यात उन्हाचा ठिपका चमकतोय? तो नसला तर चिमणी मेल्यासारखी दिसते.

धाकटा : चमकतोय.

ताई : खरंच? माझी समजूत काढायला सांगू नकोस हं.

धाकटा : थांब. नाही, आता नाही दिसत. मान फिरवली तिने.

ताई : मग थांबू या.