अध्यक्षांच्या परवानगीने

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय श्रीपतराव, खास पुण्याहून आलेल्या पाहुण्या मोहनाताई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे जयवंतराव, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या उषावहिनी, आणि रावपुऱ्यात स्कूटर लावायला जागा शोधून दमून आत आलेले आपण सर्वजण, माझा नमस्कार स्वीकारावा. अध्यक्षांच्या परवानगीने बोलायला उभी राहते.

मोहनाताई, हे शेवटचं वाक्य आपल्याला नेहमीचं वाटलं असेल. आमच्या संस्थेत ते नेहमीचं नाही. जयवंतरावांनी ते आमच्याकडून घोटून घेतलंय. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक गुडघ्यांची काळजी करतात, यांनी नेतृत्व वर्ग काढला. डभोई, पादरा, सावली या बाजूच्या खेड्यांतल्या हायस्कूलची मुलं दर रविवारी एसटीने बडोद्याला यायची आणि याच सभागृहात बसायची. शिकवायचं काय? तर सभा चालवायला. जयवंतरावांच्या घराण्यात पणजोबांपासून दरबारची नोकरी, त्यामुळे ठराव, सूचक, अनुमोदक हे यांच्या घरात वरणभाताबरोबर वाढलं जात असावं. उषावहिनी हसताहेत, म्हणजे खरं असणार.

वर्गाचा एक नियम होता. खुर्चीत विद्यार्थी बसणार आणि बाकी प्रत्येकाने, खुद्द जयवंतरावांनीसुद्धा, हात वर करून म्हणायचं, "अध्यक्षश्री, आपनी रजा होय तो बे शब्द कहुं?" रजा म्हणजे गुजरातीत परवानगी. ती मिळाली तर बोलायचं, नाही मिळाली तर मुकाट्याने बसायचं. एकदा नववीतल्या एका मुलाने खुर्चीतून यांनाच सुनावलं, "काका, तमे विषय छोडी दीधो, बेसी जाव." काका बसले! पुढचा आठवडाभर भेटेल त्याला ही हकिकत सांगत होते. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांच्याविषयी मला किती आदर आहे हे मी पुन्हा सांगायला नको. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली वर्ग घेतला, तो काही चहासाठी नव्हे.

आता मघाशी आपले सूत्रसंचालक अनीश, त्याने मानपत्र वाचलं. फार सुरेख लिहिलंय. त्यातल्या एका वाक्याला आपण भरभरून टाळ्या दिल्यात. "आपल्या संस्कारांचे फळ असे, की भर ग्रामसभेतही आपल्या विद्यार्थिनीने सभेची शिस्त ढळू दिली नाही." ही विद्यार्थिनी कोण, हे मानपत्रात नाही. मी सांगते.

तिचं नाव दक्षा पढियार. डभोईच्या पलीकडच्या एका गावातली. तिथलं हायस्कूल दहावीपर्यंत. अकरावीला तालुक्याला जायचं, तर एसटी गावात येत नाही, फाट्यावरूनच वळते. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता कपाशीच्या शेतांतून जातो. मुलगे सायकलने जातात, मुलींना घरचे सोडत नाहीत. म्हणजे गावातल्या प्रत्येक मुलीची शाळा त्या फाट्यावर संपते. दक्षा दहावीत होती. एसटी गावात यावी म्हणून वर्गातल्या बाकी मुलींना तिने गोळा केलं, डेपोत कुणी सांगितलं की आधी ग्रामसभेचा ठराव आणा, म्हणून ती ग्रामसभेला गेली. एकटी, सोळा वर्षांची. वडील मागे बसले होते. तिथे तिने काय केलं? आपण शिकवलं तेच. हात वर केला, उभी राहिली आणि विचारलं, "आपनी रजा होय तो बे शब्द कहुं?"

अध्यक्षस्थानी असलेले गृहस्थ म्हणाले, "हमणां नहीं, दीकरी. बेसी जा."

आत्ता नाही, पोरी, खाली बस. रागावून नाही म्हणाले. मायेनेच म्हणाले. आणि ती बसली.

मग सभेत वेशीवरच्या नव्या कमानीचा विषय निघाला. चारी बाजूंनी माणसं एकदम बोलत होती. तिथे कुणीच कुणाची रजा मागत नव्हतं. कमानीचा ठराव झाला, सभा संपली.

पुढच्या रविवारी दक्षाने हे सगळं वर्गात सांगितलं आणि विचारलं, "काका, में बराबर कर्युं ने?" जयवंतरावांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "एकदम बराबर, बेटा." वर्गाने टाळ्या वाजवल्या. आज आपण वाजवल्यात तशाच.

त्या वर्षी तिथली एकही मुलगी अकरावीला गेली नाही. दक्षा केंद्रात पहिली आली होती, तीही नाही. पुढच्या वर्षीही कुणी नाही. एसटी अजून फाट्यावरूनच वळते. कमान मात्र देखणी झाली आहे.

अध्यक्षमहाराज, आपली चिठ्ठी मिळाली. "आवरते घ्या" एवढंच लिहिलंय. अक्षर सुंदर आहे. थोडं राहिलंय, तेवढं बोलून घेते.

मघाशी असं जाहीर झालं, की येत्या जूनपासून हाच वर्ग, असाच, प्रत्येक तालुक्यात सुरू करायचा. त्यालाही टाळ्या पडल्या. मला आशा वाटत नाही, स्पष्टच सांगते. मुली येतील. हुशार असतील. रजा मागायला शिकतील, ना म्हटलं की सभ्यपणे बसायला शिकतील, आणि आपण त्यांची नावं न लिहिता त्यांच्यावर मानपत्रं लिहू. जयवंतरावांनी आयुष्यभर अशा सभा पाहिल्या, जिथे खुर्चीतला माणूस ऐकून घेतो. खेड्यातल्या सोळा वर्षांच्या मुलीला तशी सभा कुठे भेटणार होती? हे आपल्यापैकी कुणालाच सुचलं नाही. घरंदाज माणसांना असल्या गोष्टी सुचतच नाहीत.

आपल्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावाआधी "विद्यार्थिनीचे मनोगत" छापलेलं आहे. ते झालं नाही. अनीशने "काही अपरिहार्य कारणामुळे" असं गोड सांगितलं. बोलणार होती दक्षाच. जयवंतरावांचीच तशी इच्छा होती. मी परवा तिला फोन केला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. म्हटलं, "येतेस ना गं? गाडी पाठवते." ती म्हणाली, "बेन, घरे रजा मागी'ती. ना मळी." नाही मिळाली. मग म्हणाली, "काकांना नमस्कार सांगा." जयवंतराव, तो नमस्कार आपल्याला पोचवते. येत्या अखात्रीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचं लग्न आहे.

जयवंतराव, आपण मनापासून केलंत. आपले आणि उषावहिनींचे आभार मानावे तेवढे थोडे, आणि ते मी खरोखर मानते. संयोजकांची, पाहुण्यांचीही ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी असं बोलले, कुणाचं मन दुखावलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घालावं.

अध्यक्षमहाराज, चिठ्ठी आल्यावर मी जेवढं बोलले, ते सगळं आपल्या रजेशिवाय बोलले. साठी उलटल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. काहीच झालं नाही, बघा. कुणी मला हाताला धरून खाली उतरवलं नाही.

हे कुणीतरी दक्षाला सांगायला हवं होतं. बसते.