सोमवारी नऊशे पावलं

सुहैला: नाही हो अंकल, उन्हानं बँडचा पट्टा असा वितळत नाही. ऊन सगळ्या सिंगापूरला लागतं. मग रोज पन्नास पट्टे वितळून आले असते माझ्या दुकानात.

फू अंकल: माझं मनगट गरम असतं.

शू वेन: पा, गंमत पुरे. उद्या सकाळी माझं पर्थचं विमान आहे, आजच घेऊन टाकू. सुहैला, हो ना? बिल्ल्यावर नाव वाचलं. पट्टा बदलायचा नाहीये. माझ्या वडिलांसाठी स्मार्टवॉच दाखवा.

फू अंकल: बँड दाखव, पोरी, पावलं मोजणारा. होता तसाच. बारीक.

शू वेन: स्मार्टवॉच.

फू अंकल: बँड.

सुहैला: घालणार कोण?

फू अंकल: मी.

शू वेन: घालणार ते, बघणार मी. पर्थहून. मागच्या वर्षी यांच्या हृदयात स्टेंट घातला. चाळीस वर्षं सातेचा, भाजलेल्या मांसाच्या काड्यांचा, स्टॉल चालवला, तो चुआनला देऊन टाकला. चुआन म्हणजे यांचा जुना मदतनीस. आता रोज बिशान पार्कमध्ये चालतात. सोळा-सोळा हजार पावलं! डॉक्टरांनी फक्त सहा हजार सांगितली होती.

सुहैला: सोळा हजार? अंकल, मी दिवसभर या दुकानात उभी असते, माझी आठ होत नाहीत.

फू अंकल: सवय लागते हळूहळू.

शू वेन: मी ऑफिसात सगळ्यांना दाखवते. एकाहत्तराव्या वर्षी सोळा हजार. आमचे साहेब लाजून जिना चढायला लागले.

फू अंकल: कशाला दाखवतेस लोकांना?

शू वेन: का नको? बरं, हे काळं घड्याळ काय करतं, सांगा यांना.

सुहैला: हे तुम्ही कुठे आहात ते नकाशावर दाखवतं. किती अंतर चाललात, कुठल्या रस्त्यानं, ते मुलीला दिसेल. पडलात तर तिला आपोआप निरोप जाईल. फोनही यावरूनच घ्यायचा.

फू अंकल: आणि कैद्यांना देतात ते वेगळं असतं का?

शू वेन: पा!

फू अंकल: विचारलं फक्त. चार्जिंग?

सुहैला: रोज. फार तर दीड दिवस चालेल.

फू अंकल: बघ. मी झोपलो की घड्याळ जागं, घड्याळ झोपलं की मी जागा. संसार कसा व्हायचा?

सुहैला: बँड एकदा चार्ज केला की दोन आठवडे बघायला नको. हलका आहे, झोपेतही टोचत नाही. नाडी मोजतो, पावलं मोजतो. नकाशा मात्र नाही. कुठे होतात, ते त्याला कळत नाही.

फू अंकल: हा शहाणा आहे. हाच दे.

शू वेन: का पण? घड्याळात तुम्हाला आवडत नाही असं काय आहे? एक कारण सांगा.

फू अंकल: मोठं आहे. आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ लहान आहे याच्यापेक्षा.

शू वेन: लहानही मिळतं. दुसरं?

फू अंकल: काच आहे. तेलकट बोटांनी ती चालत नाही, मी ऐकलंय.

शू वेन: तेलकट बोटं? पार्कमध्ये?

फू अंकल: ...घाम. घामाची बोटं.

सुहैला: अंकल, जुना बँड इकडे द्या जरा, आकडे नव्यावर उतरवून घ्यायला लागतील. मॅडम, त्याचं ॲप तुमच्या फोनवर आहे ना? उघडता?

शू वेन: हे बघा. हा मागचा महिना. प्रत्येक दिवशी हिरवा गोल पूर्ण.

सुहैला: प्रत्येक नाही. हा रिकामा आहे. हाही. हाही. सगळे सोमवार. सोमवारी नऊशे पावलं.

शू वेन: सोमवारी विश्रांती घेतात. डॉक्टरांनी सांगितलंय, आठवड्यातून एक दिवस आराम. हो ना, पा?

फू अंकल: डॉक्टरांनीच.

सुहैला: आणि बाकीच्या दिवशी सगळी पावलं पाच ते नऊ. त्याच्या आधी काही नाही, नंतर काही नाही. चार तास न थांबता.

फू अंकल: संध्याकाळी वारा बरा असतो. किती वाजले, आ वेन?

शू वेन: चार. तिसऱ्यांदा विचारताय.

फू अंकल: बँड घेऊ आणि निघू. पार्कची वेळ होईल.

शू वेन: पार्क काय बंद होतो? उद्या मी नसणार आहे, पा. आज एक दिवस नाही चाललात तर काय बिघडेल?

फू अंकल: सवय मोडते.

सुहैला: घालून तर बघा आधी. हा बँड. उजवा हात द्या, जुना उजव्यालाच होता. झालं. आता दारापर्यंत जा आणि परत या.

फू अंकल: एवढंच?

सुहैला: एवढंच. ...या. किती झाली?

फू अंकल: बावीस.

सुहैला: बरोबर. मी मोजत होते, बावीसच. आता घड्याळ घालून तसंच करू.

शू वेन: पा, घाम बघा किती आलाय. दुकानात एवढं थंड आहे तरी. बसा. हे घ्या, यानं वारा घ्या.

सुहैला: अहो, तो माझ्या किमतींचा पुठ्ठा आहे. असू दे, असू दे. मॅडम, तोवर रंग ठरवा. काळा आहे, निळा आहे, हा एक केशरी.

शू वेन: काळा. यांना रंग लागत नाही. निळा बघू? नको, काळाच. पा, तुम्हाला कुठला... पा?

फू अंकल: हं?

शू वेन: काय करताय?

फू अंकल: वारा घेतोय. तूच दिलास पुठ्ठा.

शू वेन: घेत नाही आहात. घालताय. पुठ्ठा गुडघ्याच्या खाली धरलाय तुम्ही.

(पुठ्ठ्याचा आवाज येत राहतो: दोनदा पटपट, एकदा लांब. मग मनगटावरचा बँड थरथरतो.)

सुहैला: अंकल, दोनशे साठ झाली. खुर्चीत बसून.

फू अंकल: मशीन बिघडलंय. दुसरं दाखव.

सुहैला: बिघडलेलं नाही. बँडला काही पाय दिसत नाहीत, हात किती हलला तेवढंच कळतं. हात ठेक्यात हलला की तो समजतो, माणूस चालतोय.

शू वेन: दोनदा पटपट, एकदा लांब. याच आवाजावर मी पाढे पाठ केलेत, पा. स्टॉलच्या मागच्या टेबलावर बसून.

फू अंकल: सातचा पाढा तुला कधी आला नाही.

शू वेन: स्टॉल सोमवारी बंद असतो.

फू अंकल: असतो.

शू वेन: चुआनचा पण?

फू अंकल: वार तोच ठेवलाय त्यानं. गिऱ्हाइकाला सवय असते.

शू वेन: आणि पट्टा निखाऱ्यांनी वितळला.

सुहैला: मला वास आलाच होता. माझे आजोबा पण कोळशावरच भाजायचे. तुमचं साते मला चालायचं नाही अंकल, डुकराचं. वास तेवढा चालतो.

शू वेन: एक वर्ष! एक वर्ष मी रोज सकाळी उठून आधी तुमचा आकडा बघते. दात घासायच्या आधी.

फू अंकल: मी स्टॉल दिलाय. शब्द मोडला नाही. मांस कापत नाही, मुरवत नाही, काड्यांना लावत नाही. शेंगदाण्याच्या रश्शाला हात लावत नाही. गल्ल्याकडे बघत पण नाही. फक्त वारा घालतो.

शू वेन: फक्त!

फू अंकल: चुआननं विजेचा पंखा लावला होता. राख उडून मांसावर. आतून कच्चं, वरून कोळसा. लोक माझ्याकडे बघायचे, मी गिऱ्हाइकासारखा बसलेलो. सांग, काय करायचं मी?

शू वेन: मला सांगायचं!

फू अंकल: सांगणारच होतो. पहिल्याच दिवशी. नुसता उभा होतो, म्हटलं पाच मिनिटं हात लावू. तासाभरात हे मनगटावर थरथरलं. मला वाटलं, हृदयच थरथरलं. तेवढ्यात तुझा फोन. ‘पा, आज किती चाललात!’ स्टेंटनंतर पहिल्यांदा तुझा आवाज तसा ऐकला. हसत होतीस. शेजारणीला ओरडून सांगत होतीस, तेही मला ऐकू येत होतं.

शू वेन: मग?

फू अंकल: मग कसं सांगू, की पा चालला नाही, साते भाजत होता?

शू वेन: ...दुसऱ्या दिवशी सांगायचं.

फू अंकल: दुसऱ्या दिवशी पण फोन केलास.

सुहैला: मी पाणी आणते.

शू वेन: थांबा. ते काळं घड्याळ बांधा. पॅक करा. बघते मी, हे कसे...

सुहैला: बांधते. पण खरं सांगू का, मॅडम? माल विकायचं सोडून बोलतेय. घड्याळ घेतलंत तर तुम्हाला रोज पर्थमध्ये एक ठिपका दिसेल. स्टॉलवर. रोज भांडण. मग अंकल घड्याळ घरी ठेवून जातील.

फू अंकल: जाणार.

शू वेन: कबूल पण करतात!

सुहैला: पडले तर निरोप येईल, तो फायदा खरा आहे. एकटं राहणाऱ्याला मी घड्याळच घ्या म्हणते.

फू अंकल: स्टॉलवर मी एकटा असतो? पाच मिनिटं वारा थांबला तर चाळीस माणसं ओरडतात, फूला काय झालं! कॉफीवाली मावशी तर तीन मिनिटांतच येते. पार्कमध्ये कोण येणार, बदकं?

शू वेन: डॉक्टरांनी स्टॉल बंद सांगितला होता, पा.

फू अंकल: डॉक्टर म्हणाले, भार कमी करा. बंद करा, हे तू म्हणालीस.

शू वेन: ...मी म्हणाले?

फू अंकल: तू रडत होतीस. मी हो म्हटलं.

सुहैला: मग, कुठलं बांधू? घड्याळ की बँड?

शू वेन: घड्याळ मला कशासाठी हवं होतं, तर हे कुठे असतात ते कळावं म्हणून. ते तर कळलं.

फू अंकल: बारीकवाला दे, पोरी.

शू वेन: माझं संपलं नाहीये. चार तास नाही. दोन. सातला घरी.

फू अंकल: सात वाजता तर रांग लागते. नऊ.

शू वेन: साडेसात.

फू अंकल: आठ. आणि आठला चुआनच्या हातात पंखा. शिकवतो त्याला. मनगट बरं आहे त्याचं, धीर नाही.

शू वेन: आठ. आणि आजपासून सहा हजार पावलं. पायांनी.

फू अंकल: सोळाची सवय झालीय तुला. सहा बघून वाईट वाटेल.

शू वेन: नाही वाटणार. वारा तुम्ही कुठल्या हातानं घालता?

फू अंकल: उजव्या. हे काय विचारणं झालं?

शू वेन: सुहैला, तो बँड काढा तिथून. पा, डावा हात पुढे करा.

फू अंकल: डाव्या हाताला मी कधीच काही घातलं नाही.

शू वेन: घट्ट होतोय का?

फू अंकल: नाही. ...किती दाखवतोय हा? या हातावर वाचायची सवय नाही मला.

सुहैला: आधीचं पुसलं मी. शून्य.

फू अंकल: शून्य. बघ, एका दिवसात कुठून कुठे आलो.

शू वेन: स्टॉल इथून किती लांब?

फू अंकल: तीन थांबे. बस आता येईल, साडेचारची.

शू वेन: बस जाऊ दे. चालत जाऊ. दहा काड्या घेणार आहे मी, आणि वारा चुआननं घातलेला नको.