सुन्नेवाची साक्ष

रान्वा : पुस्तकावरचा हात काढा, सकारिसकाका. आणि खिशात काय आहे हो? सगळ्या अभिलेखागारात वास सुटलाय.

सकारिस : वाऱ्यावर सुकवलेलं मटण. तुझ्यासाठीच आणलंय. लाच म्हण हवं तर.

रान्वा : लाच खाऊन मला तारीख बदलता येत नाही. पाद्र्यानं लिहिलंय तेच मी वाचणार. नऊ फेब्रुवारी, अठराशे नव्याण्णव.

सकारिस : ती बाप्तिस्म्याची असेल. तेव्हा पाद्री एक आणि चर्चं सहा. समुद्र खवळला की तो पलीकडच्या बेटावर महिना महिना अडकून पडायचा, आणि इकडे पोरं बिननावाची रांगायला लागायची. माझा जन्म त्याच्या आधीचा असणार. दोन-तीन महिने तरी आधीचा.

रान्वा : तो अडकलेलाच होता, म्हणून तर सगळे रकाने वेगळे भरलेत. जन्म नऊ फेब्रुवारी. अकराला घरीच, सुइणीच्या हातून बाप्तिस्मा. चर्चमध्ये आणलं ते थेट सोळा एप्रिलला. आजवर वाढदिवस कधी करत होता तुम्ही?

सकारिस : नऊ फेब्रुवारीलाच.

रान्वा : मग?

सकारिस : वाटलं होतं, आईच चुकली असेल.

रान्वा : काका, नेमकं काय शोधताय ते सरळ सांगा. सकाळपासून माझ्याकडून एकच पान वाचून घेताय.

सकारिस : गावात नवा दगड उभारलाय, बुडालेल्यांच्या नावांचा. कोणतं गलबत कधी निघालं, तेही कोरलंय त्याच्यावर. माझ्या बापाचं, हान्सचं गलबत निघालं चार मार्च अठराशे अठ्ठ्याण्णवला. आइसलंडच्या वाटेला लागलं, ते पुन्हा कुणालाच दिसलं नाही. त्या दगडापुढे उभा राहून मी बोटं मोजली. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, पहिलीतल्या पोरासारखा. दोन्ही हात पुरले नाहीत.

रान्वा : अकरा महिने.

सकारिस : मोठ्यानं नको म्हणूस. आणि रविवारी नातीच्या मुलीचं नाव ठेवायचंय. हान्सिना. समुद्रानं नेलेल्याला थडगं नसतं. त्याचं नाव लेकराला दिलं, की निदान तेवढं जमिनीवर चालत राहतं. पण ते द्यायचं रक्ताच्या माणसानं. मी कोण देणारा?

रान्वा : तुमची आई काही बोलली नाही कधी?

सकारिस : मालेना? ती मिठाच्या खड्यासारखी, तोंडातल्या तोंडात विरघळून जायची. हान्सशी तिचं लग्न ठरलं होतं, एवढंच मला ठाऊक. बोलायची ती सुन्नेवाआजी, हान्सची आई. विधवा बाई, त्यात एकुलता एक मुलगा गेलेला. तिच्याच घरात वाढलो मी. दर रविवारी चर्चच्या दारात मला पुढे ढकलून म्हणायची, ‘कान बघा याचे! थेट माझ्या हान्सचे!’ मेंढीचं डोकं शिजलं, की गालाचं मऊ मांस माझ्या ताटात. पोरी, मला बापाचं काही वाटत नाही गं. पण त्या म्हातारीला आम्ही फसवलं. आईनं मुद्दाम, मी नकळत. मरेपर्यंत ती परक्याच्या पोराला नातू समजून भरवत राहिली.

रान्वा : थांबा जरा. बापाच्या नावाशेजारी समासात काहीतरी आहे. शाई फिकटलीय.

सकारिस : त्याचं अक्षर मला लागत नाही. तो लिहायचा ती डॅनिश भाषा ऐकून समजते, तू वाच.

रान्वा : ‘बापाचे नाव मृताच्या आईच्या साक्षीवरून लिहिले. गलबत निघाल्याची तारीख तिच्या निदर्शनास आणून दिली. साक्ष कायम.’

सकारिस : म्हणजे काय?

रान्वा : म्हणजे पाद्र्यानं तिला सांगितलं, बाई, महिने जुळत नाहीत.

सकारिस : आणि ती?

रान्वा : साक्ष कायम. आणि हे बघा, चर्चमध्ये बाळाला हातांवर घेणारी धर्ममाता कोण, तर सुन्नेवा. तुमच्या आईच्या बोलण्याचा इथे कुठे उल्लेखच नाही.

(सकारिस त्या फिकट ओळीवर बोट टेकवतो.)

सकारिस : ठाऊक होतं तिला.

रान्वा : गलबत निघालं तेव्हा ती किनाऱ्यावर उभी असणार. चार मार्च तिला दगडावर वाचायची गरज नव्हती, काका.

सकारिस : मग ते कान?

रान्वा : गावानं तोंड उघडायच्या आत आपण बोलून घ्यायचं.

सकारिस : माझे कान हे असे, सुपासारखे. हान्सचा एकच फोटो आहे, त्यात त्याचे डोक्याला चिकटलेले. साऱ्या गावानं पाहिला असेल तो. आणि म्हातारी खुशाल... एकाचीही तिला ‘नाही’ म्हणायची छाती झाली नाही!

रान्वा : न्यायालयाची जुनी दप्तरं आहेत, बिनलग्नाच्या पोरांचा बाप कोण याची चौकशी तिथे व्हायची. दुसरं एखादं नाव तिथे सापडेलही. मागवू?

सकारिस : नको. सत्त्याहत्तर वर्षांत तो माझ्या दाराशी आला नाही. आता मी त्याच्या दाराशी कशाला जाऊ?

रान्वा : मग रविवारसाठी मी जी वंशावळ करून देणार आहे, तिच्यात बापाच्या जागी काय लिहू?

सकारिस : हान्स. म्हातारीनं पाद्र्याच्या तोंडावर दिलेला शब्द, तो मोडणारा मी कोण?

रान्वा : आणि मुलगी हान्सिना.

सकारिस : हान्सिना. लिही, लिही. आणि ते झालं, की ती समासातली ओळ मला पुन्हा एकदा वाचून दाखव. सावकाश, पोरी.