रोममध्ये धरलेला हात

परवा तुम्ही विचारत होतात ना, रोममध्ये काय काय पाहिलं? खरं सांगू, मी रोम एका हाताने पाहिलं.

पहिल्याच दिवशी आमच्या ग्रुपमधल्या एका बाईंची पर्स पासपोर्टसकट मारली. बिचारीची सगळी ट्रिप रडण्यात गेली. आमच्या ह्यांनी ते फारच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी हॉटेलातून निघाल्याबरोबर त्यांनी माझा हात जो धरला, तो सोडेचनात. हे म्हणजे कसे, लालबागच्या बाजारात गेलो तरी माझ्या चार पावलं पुढे चालणारे. ग्रुपमधल्या मुली म्हणाल्या, "काका, हनिमून का?" हे कानकोंडे झाले, पण हात काही सुटला नाही. मला वाटलं, माझ्या पर्समध्ये दोघांचे पासपोर्ट आहेत, त्याची काळजी असणार.

दुपारी एका कारंज्यापाशी गर्दीतून बाहेर पडलो, तर पर्सची चेन उघडी. आत खोबऱ्याच्या वड्यांचा डबा होता, पासपोर्ट नव्हते. मी तिथेच पायरीवर बसले.

"अहो, पासपोर्ट गेले."

"खंय जातले?" हे शांतपणे मालवणीत म्हणाले. "सकाळीच मी काढून हॉटेलच्या लॉकरात ठेवलंय."

जिवात जीव आला आणि मागोमाग रागही आला. म्हटलं, "मग सकाळपासून माझा हात कशाला धरून ठेवलात?"

हे कारंज्याकडे बघत म्हणाले, "लॉकरात तुका ठेवूक जागा नाय होती."