फुलीवरची रिकामी जागा

तुम्ही विचारता ना, कण सापडायच्या आधीच शास्त्रज्ञांना कसा कळतो? मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, पण मला ते खरं कळलं आमच्या हसनाबादच्या वावरात.

बाबांनी उभ्या-आडव्या रेघा पाडून प्रत्येक फुलीवर कापसाची सरकी लावली होती. आठ दिवसांनी, जिथं उगवली न्हाई तिथं परत टोचायला आम्ही दोघं सकाळीच गेल्तो. बाबांना आता कमी दिसतं, पण पाऊल बराबर फुलीपाशीच पडतं. कोवळं ऊन, सगळं वावर अर्धवट झोपेत. मी आपला सांगून राह्यलो, "बाबा, त्यांनी सगळे कण असेच ओळीत मांडले. एक जागा रिकामी राह्यली. म्हणले, इथं कण असणारच. वीस वर्षांनी सापडला."

"तवर जागा रिकामीच ठेवली?"

"हो."

"दुसरं काही टोचलं न्हाई?"

"न्हाई."

"शाणी माणसं हायेत," म्हणत बाबा एकदम थांबले. "इथं एक न्हाई बघ."

खरंच, चारी बाजूंनी दोन-दोन हिरवी पानं आणि मधी नुसती माती. मी जल्दी वाकून नवी सरकी टोचणार, तर त्यांनी माझा हात धरला आणि पायाच्या अंगठ्यानं एक ढेकूळ हळूच सरकवलं. खाली पिवळा कोंब, मान वाकवून निजल्यासारखा.

मी मुठीतली सरकी परत खिशात टाकली.

बाबा म्हणले, "तुझी माणसं वीस वर्षं थांबली. तुला आठ दिवसांच्या वर दम निघंना?"