वाट मोकळी झाली तरी उभी असलेली लुना

मंडळी, ऐका — आज एकच प्रश्न! दोन वाटा एकत्र आल्या, तर आधी कुणी जायचं? मोठ्या गाडीनं? छे छे, पाटी वाचा! वडगाव फाट्याला हायवेची उतरण सर्व्हिस रोडला मिळते. तिथं लिहिलंय — उतरणाऱ्याला आधी वाट द्या.

तर गजाभाऊ खिलारे लुनावरून सर्व्हिस रोडनं निघाले. पायाशी खिरीचा डबा. लेकीकडे त्यांच्या बायकोचं, शेवंताबाईंचं वर्षश्राद्ध! बाराच्या आत पोचायचं होतं. त्या होत्या तोवर फाट्यावर मान वळवून बघायच्या त्या शेवंताबाईच. मागून खांद्यावर थाप द्यायच्या — "निघा आता!"

गजाभाऊ थांबले. वरून बँडवाल्यांचा टेंपो आला — तोही थांबला!

"बाबा, जावा तुम्ही!"

"नाही रे, नियम तुझा!"

"वयाला मान आहे का नाही?"

"मग पाटीला नाही का?"

झालं! इकडं रांग, तिकडं रांग. बँडवाले कंटाळून वाजवायला लागले. मागच्या एसटीतली माणसं वरात समजून उतरली, नाचायला लागली! एकानं लुनाला झेंडूचा हार घातला.

"नवरदेव हाच?"

"जरा पिकलाय!"

हवालदारानं येऊन टेंपो काढला. रस्ता रिकामा! आणि गजाभाऊ? — उभेच!

हवालदारानं शिट्टी मारली.

"शिट्टी कुकरही मारतो," गजाभाऊ म्हणाले. "थाप पडली नाही अजून."

"कुणाची थाप?" एसटीतल्या एका म्हातारीनं विचारलं.

"हिची."

म्हातारीनं लुनाची रिकामी मागची सीट पाहिली. आवाज खाली आणला.

"दादा, ती गेली पुढं. तुम्ही वाट दिलीत. आता मागं बघा की — किती जण अडकलेत!"

गजाभाऊंनी मान वळवली. स्वतः! उजवीकडे कुणी नाही. मागं एसटी, आणि नाचून घामाघूम झालेलं अख्खं गाव! किक मारली, निघाले.

लेकीच्या दारात गुरुजी ताटकळलेले. "अहो, गाडीला हार कसला?"

गजाभाऊंनी तो काढला, शेवंताबाईंच्या फोटोला घातला. "वाटेत लोकांनी दिला," म्हणाले. "तुझ्यासाठी नाचलेसुद्धा."

मंडळी, आता घरी जाताना तोच फाटा लागेल! पाटी वाचा. उतरणाऱ्याला वाट द्या, हात जोडून द्या. पण ती मोकळी झाली, की आपली मान आपण वळवा — आणि निघा! मागं माणसं उभी आहेत.