विकत घेतलेलं शेत

…आणि वर कंपनीची ती पोरगी फोनवर मला म्हणते, "सर, तुम्ही गेम विकत घेतलाच नव्हता." आता बोला! अहो, कुबड्या टेकत दुकानात गेलो, खिशातनं रोख काढली, जावयाच्या देखत डबा घेतला, डब्यावर हे एवढं ट्रॅक्टरचं चित्र, आत चकती, आणि ही म्हणते घेतलाच नव्हता. म्हणलं, ताई, मग मी काय घेतलं? तर म्हणते, "तुम्ही खेळायची परवानगी घेतली होती, सर." परवानगी! तुम्हाला सांगतो, मी वेल्डिंगवाला माणूस, गेट बनवतो. उद्या तुमच्या दाराला मी गेट बसवलं आणि चार महिन्यांनी येऊन उपटायला लागलो, का तर म्हणे गेट तुम्ही घेतलंच नव्हतं, फक्त उघडझाप करायची परवानगी घेतली होती, तर तुम्ही मला त्याच गेटला बांधून हाणाल का नाही? हाणायलाच पाहिजे. पण कंपनीला कुठे हाणणार? तिला ना गाल, ना पाठ. विकत घेतला होता हो मी!

आता तुम्ही म्हणाल, या घोड्याला या वयात गेम कशाला लागतो. मलाही तसंच वाटायचं. पण झालं काय, माझ्या पायावर गेट पडलं. दुसऱ्या कुणाचं नाही, माझंच. मीच बनवलेलं, मीच उभं केलेलं, आणि "टेकू काढ" म्हणून कारागिरावर मीच ओरडलो. तो बिचारा म्हणत होता, मालक, जरा सरका. मला कुणी सरका म्हणलं की माझं डोकं फिरतं. नाही सरकलो. मग काय, मांडीपर्यंत प्लास्टर, आणि मी खाटेवर. पडल्या पडल्या सगळ्यांना शिव्या. पंख्याला शिव्या, माशीला शिव्या, बायकोनं पाणी आणलं तर ते पाणी गार का नाही म्हणून शिव्या. शेवटी बायकोनं पोरीला फोन केला, तुझ्या बापाला घेऊन जा नाहीतर मला घेऊन जा. पोरीनं नवरा पाठवला. आमचा जावई शहाणा माणूस, नोकरीवाला, आवाज चढवत नाही. त्यानं त्याचं जुनं गेमचं मशीन आणून टीव्हीला जोडलं. मी म्हणलं, जावईबापू, मी काय कुक्कुलं बाळ आहे का? तर म्हणाला, "मामा, दुकानात एक गेम आलाय, घेऊन बघा तर. शेतीचा आहे."

शेतीचा! अहो, माझ्या घरामागं खरं शेत आहे. पायामुळं त्यात हे एवढं गवत वाढलेलं. आणि मी खाटेवर बसून टीव्हीतलं शेत नांगरायला लागलो. बायको दारात उभी राहून बघायची, मग कुणी ऐकत नसलं तरी मोठ्यानं म्हणायची, "मागं साप फिरतायत आणि हा माणूस काचेत पेरणी करतोय." मी म्हणायचो, इथं साप नाहीत आणि बायको पण नाही.

आता कंपनीचे धंदे ऐका. गेम घेतला, म्हणजे मला वाटलं झालं. कसलं झालं! आल्या आल्या मशीन म्हणतं, थांबा, नवीन काहीतरी उतरवून घेतोय. उतरव बाबा. दुपार गेली त्यात. काय नवीन आलं म्हणून बघतो तर काहीच नाही, तेच शेत, तोच बांध, फक्त एक दुकान नवीन आलेलं. ट्रॅक्टर लाल पाहिजे? पैसे. ट्रॅक्टरला टप पाहिजे? पैसे. बी पाहिजे? तर बी सरळ विकत देत नाहीत, पेटी देतात. पेटीत काय आहे ते पेटी घेतल्यावर कळणार. मी घेतली एक. आत निघाली टोपी. अहो, मी पेरणीला बसलोय, टोपी पेरू का? आणि गाई… गाईंना रोज हजेरी लावून चारा घालायचा, एक दिवस चुकला की गाय तोंड फिरवून बसते. माझी सख्खी पोरगी महिना महिना मी फोन केला नाही तरी अशी रुसत नाही. म्हणजे मला पाडायचं खाटेवर आणि वर चाकरीला ठेवायचं कंपनीच्या गाईंच्या. विकत घेतला होता हो मी!

तरी चिकटलो. का चिकटलो ते सांगतो, तेच सांगायला बसलोय.

या गेममध्ये शेत एकट्याला झेपत नाही. मुद्दामच तसं केलंय मेल्यांनी. मशीन तुम्हाला कुठला तरी जोडीदार बघून देतं, दोघांचे दोन ट्रॅक्टर, शेत एकच. कानाला ते हेडफोन लावायचं आणि बोलायचं. मला मिळाला एक बाप्या. नावाच्या जागी नुसते आकडे. आवाज असा, जणू माणूस रिकाम्या पिपात बसून बोलतोय. दातही नवे बसवले असावेत, शब्द घसरायचे. मी त्याला म्हणायचो पाहुणे, तो मला म्हणायचा मालक. माणूस कामाचा, सरळ रेषेत नांगर मारणारा. माझी रेष वाकडी गेली की म्हणायचा, "मालक, नांगरताय का सही करताय?" मला राग यायचा, पण हसू पण यायचं. खरं सांगतो, खाटेवर पडल्यापासून पहिल्यांदा हसलो ते त्याच्यामुळं.

आणि एक दिवस भर दुपारी कोंबडा आरवला.

आता कोंबडा आरवला यात काय? सांगतो. आमच्या शेजारी एक कोंबडा आहे. त्याला वेळ कळत नाही. पहाटे झोपतो आणि जेवणं झाली की आरवतो, तेही अर्धं आरवतो, मध्येच ठसका लागल्यासारखं खोकतो, आणि मग उरलेलं आरवतो. असा कोंबडा जगात दुसरा नाही. तर तो खिडकीतनं आरवला, आरवणं, खोकला, आरवणं. आणि तेवढ्यात तोच, खोकल्यासकट, हेडफोनमध्ये आरवला. माझा ट्रॅक्टर गेला विहिरीत.

कारण तो कोंबडा माझ्या भावाचा.

भिंतीपलीकडे राहतो. थोरला. दादा. आमचा दोघांचा एकच कारखाना होता, बापाच्या वेळचा. बाप गेला, नवा बोर्ड करायचा ठरला, आणि बोर्डावर आधी नाव कुणाचं यावरनं जे लागलं… तो म्हणाला, मी थोरला. मी म्हणलं, वेल्डिंग कोण करतं? तो एक बोलला, मी चार बोललो, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं गवंडी बोलावून कारखान्याच्या मधोमध भिंत घातली. घरातनं, अंगणातनं, सरळ मागच्या शेताच्या बांधापर्यंत. इकडं मी गेट जोडतो, तिकडं तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो. तेव्हापासून शब्द नाही. वहिनी आणि माझी बायको नळावर बोलतात, आम्ही दोघं बघितलं न बघितलं करतो. एवढं की माणसाचा आवाज मी विसरलो, कोंबड्याचा नाही विसरलो.

मग काय केलं म्हणता? हेडफोन काढून फेकला? नाही. ओळख दाखवली नाही. ट्रॅक्टर विहिरीतनं काढला आणि म्हणलं, पाहुणे, पुढची सरी तुम्ही घ्या.

आणि त्याला पण कळलं होतं बरं का! दोन-चार दिवसांनी इकडं माझा कारागीर ग्राइंडर मारत होता. तर पाहुणे हळूच म्हणतात, "मालक, तुमच्याकडं ग्राइंडर चाललंय वाटतं. आमच्या भिंतीपलीकडं पण असंच एक येडं आहे, दिवसभर लोखंड किंचाळवतं." आता भिंतीपलीकडचं येडं म्हणजे कोण? मी! माझ्या तोंडावर! पण मी तर त्याला ओळखत नाही ना, मग चिडायचं कसं? मी म्हणलं, हो का? आमच्या शेजारी एक कोंबडा आहे, त्याला वेळकाळ कळत नाही, मालकावर गेलाय. तिकडं पाहुण्यांचा ट्रॅक्टर जागच्या जागी बंद. मग हेडफोनमध्ये खीखीखी. तुम्हाला सांगतो, ते हसणं मी लहानपणापासनं ओळखतो, त्याला दात नवे असोत की जुने.

मग आमचं रोजचंच झालं. जेवणं झाली की शेतावर. तो येड्याबद्दल सांगायचा, मी कोंबड्याच्या मालकाबद्दल. मनातलं सगळं, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असं धरून. एकदा बी पेरता पेरता तो म्हणाला, "त्या पलीकडच्याच्या पायावर गेट पडलं म्हणे. बघायला जायचं होतं. दारापर्यंत गेलो पण होतो." मी विचारलं, मग? तर म्हणाला, "आतनं शिव्यांचा आवाज आला. म्हणलं, बरा आहे म्हणजे." मी पंख्याला देत होतो हो त्या शिव्या!

बायको म्हणायची, बोलायचंच आहे तर भिंतीला वळसा घालून जा की, किती लांब आहे? तिला काय कळतंय. तिकडं गेलो तर मी मी असतो आणि तो तो असतो. इथं मी मालक आणि तो पाहुणे. इथं जमत होतं. म्हणलं, हळूहळू जमेल. एक दिवस बोलता बोलता दादा म्हणून टाकीन. घाई काय? शेत आहे, गाई आहेत, कुठं पळून जातंय?

पळालं. एका दुपारी टीव्ही लावतो तर पडद्यावर पाटी: हा खेळ येत्या पंधरवड्यात बंद होत आहे, आमच्या प्रवासात साथ दिल्याबद्दल आभार. कसला प्रवास? मी खाटेवरनं हललो नव्हतो! तेव्हाच त्या पोरीला फोन केला. आधी मशीन बोललं, एक दाबा, दोन दाबा. मग बाजा वाजवला, वरात निघाल्यासारखा. मग ती पोरगी. म्हणलं, ताई, चकती माझ्याकडे आहे, मशीन माझ्या घरात आहे, मग बंद कसा होईल? तर म्हणाली, शेत तुमच्या घरात नाही सर, शेत आमच्याकडे आहे. बंद का करताय? तर म्हणे दुसरा भाग येतोय. मी म्हणलं, येऊ दे की, थोरलं पोर असताना धाकटं होतंच ना, म्हणून काय थोरल्याला कुणी… आणि तिथं माझीच जीभ अडकली. पोरगी म्हणाली, "तुमच्या भावना आम्ही समजतो, सर." काय समजते ती? मी त्या पोरीला जे बोललो ते इथं सांगत नाही. नंतर वाईट वाटलं. ती कंपनी तिनं तरी कुठं विकत घेतली होती.

शेवटची दुपार. दोघंही आलो. पेरून काही उपयोग नव्हता, उगवणार कधी? दोन्ही ट्रॅक्टर बांधावर लावले आणि बसलो. मी म्हणलं, पाहुणे, गाईंचं काय होणार? तो म्हणाला, "त्या काय, दिवा घालवल्यासारख्या जाणार." कोंबडा आरवला. आधी खिडकीत, मग कानात. तो म्हणाला, "हा कोंबडा…" मी म्हणलं, ओळखतो मी. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. मनात म्हणलं, आता नाही तर कधीच नाही. घसा खाकरला. छाती भरून घेतली. आणि म्हणलं, "दा—"

पडदा काळा. खाली पांढऱ्या अक्षरात: भाग दोन, लवकरच.

ऐकलं का त्यानं? निम्मं ऐकलं का? निम्म्या दादाचं माणूस काय करणार? मी कुबडी घेऊन भिंतीपाशी गेलो. पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी थांबलो. तोही थांबला असावा. मला वाटलं, तो थोरला आहे, बोलेल. त्याला वाटलं असेल, मी सुरुवात केलीय, मी पुरी करीन. मग माझा पाय दुखायला लागला, आलो परत.

भाग दोन आला. घेतला. परत. जावयानं बसवून दिला, म्हणाला, "मामा, बघा, किती खरं केलंय." खरंच खरं केलंय. चिखल खरा, ढग खरे. जुना जोडीदार मशीननं आपोआप शेजारी दिलाय, ते आकडे बघून माझ्या जिवात जीव आला. पण आता शेतं दोन. मधे भिंत. भिंत फुकट. भिंत काढायची तर पैसे. बोलायचं तर दर महिन्याला पैसे. मी म्हणलं, तो थोरला, त्यानं भरावेत. तोही तिकडं म्हणत असणार, हा सुरुवात करणारा, यानं भरावेत. म्हणजे मी भिंतीपर्यंत नांगरत जातो आणि वळतो. तो भिंतीपर्यंत येतो आणि वळतो. अहो, आमचं घर जसंच्या तसं बनवलंय कंपनीनं! आणि मला विकलंय!

मध्यंतरी त्यांच्या दुकानात कोंबडा आला विकायला. म्हणलं, हा भिंतीवर बसवू, दुपारी आरवला की त्याला कळेल, मी इथंच आहे. बायको म्हणाली, आता काचेत कोंबड्या पाळा. तरी घेतला. घेतला कसला, परवानगी घेतली. बसवला भिंतीवर आणि रोज जेवणं झाली की वाट बघतो.

चांगला कोंबडा आहे. कंपनीचा. खोकत नाही, ठसकत नाही, बरोबर पहाटे आरवतो आणि दिवसभर गप्प बसतो… काय उपयोग त्याचा?